कॉम्प्युटरच्या डिग्रीत विषय राहिले आहेत: पुढे जायचं की सोडायचं, हे ठरवण्याआधी

तिसऱ्या सेमिस्टरला माझे दोन विषय राहिले, डेटा स्ट्रक्चर्स (माहिती मेमरीत कशी रचून ठेवायची त्याचा विषय) आणि डिस्क्रीट मॅथ्स (कॉम्प्युटरला लागणारं तर्काचं आणि मोजणीचं गणित). पुढच्या खेपेला मॅथ्स सुटला, पण डेटा स्ट्रक्चर्स पुन्हा राहिला. तो दुसरा निकाल लागला त्या रात्रीच मी डिग्री सोडण्याचा अर्ज लिहून काढला आणि सकाळी द्यायलाही गेले. ऑफिसला सुट्टी होती, म्हणून अर्ज पिशवीतच राहिला. पुढच्या दोन-अडीच महिन्यांत एकेक गोष्ट कळत गेली, आणि ती निकालाआधी कुणी सांगितली असती तर बरंच रडणं वाचलं असतं. मी डिग्री पूर्ण केली. माझ्या वर्गातल्या एका मैत्रिणीने त्याच सुमारास सोडली. तिचा निर्णय माझ्याइतकाच बरोबर होता, हे मी आजही ठामपणे म्हणते.

तुम्ही चालू ठेवावं की सोडावं, हे मला इथे बसून सांगता येणार नाही. ठरवायचं कसं, तेवढं सांगते. गुणपत्रिकेतला आकडा बघून ठरवू नका. विषय का राहिला ते आधी शोधा, मग ठरावीक मुदत घालून स्वतःला तपासा, आणि त्यानंतर ठरवा.

आधी एवढं गोळा करा

- आतापर्यंतच्या सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका
- राहिलेल्या विषयांच्या उत्तरपत्रिकांच्या प्रती (मिळत असतील तर), आणि अंतर्गत गुण व असाइनमेंटचे गुण वेगवेगळे
- संपूर्ण डिग्रीचा अभ्यासक्रम, म्हणजे कोणत्या विषयाआधी कोणता विषय सुटलेला असावा लागतो ते
- परीक्षेची नियमावली: किती वेळा बसता येतं, डिग्री जास्तीत जास्त किती वर्षांत संपवावी लागते, नाव काढून घेण्याची शेवटची तारीख
- शिष्यवृत्ती किंवा शैक्षणिक कर्ज असेल तर त्याच्या अटींचा कागद
- एक कोरी वही. ही पुढे सहा आठवडे लागणार आहे.

## १. पहिल्या आठवड्यात फक्त तारखा बघा

निकालानंतरचे पहिले सात-आठ दिवस मोठा निर्णय घेण्याचे नसतात. पण हातावर हात ठेवून बसायचेही नसतात, कारण मुदती त्याच दिवसांत निघून जातात. फेरतपासणीचा अर्ज, उत्तरपत्रिकेची प्रत, पुनर्परीक्षेचा फॉर्म, विषय बदलण्याची तारीख, फी परत मिळण्याची तारीख: या पाच तारखा शोधून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. वेबसाइटवर सापडल्या नाहीत तर ऑफिसात जाऊन विचारा आणि सांगणाऱ्याचं नाव व दिवस टिपून ठेवा. "मला असं सांगितलं होतं" म्हणायची वेळ आली, तर एवढीच नोंद उपयोगी पडते.

फॉर्म भरून ठेवणं म्हणजे निर्णय घेणं नव्हे. पुनर्परीक्षेचा फॉर्म भरला तरी पुढे डिग्री सोडता येते. फॉर्मची तारीख चुकली, तर तुमच्या वतीने कॅलेंडरच निर्णय घेतं. माझ्या ओळखीतल्या एकाचं आख्खं वर्ष असं गेलं. तो विचार करत राहिला आणि तारीख उलटून गेली.

आणि झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगणंच नकोसं वाटत असेल, तर हा लेख इथेच बाजूला ठेवा. घरातल्या किंवा जवळच्या कुणाला तरी आजच सांगा आणि डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जा. डिग्रीचा प्रश्न थांबू शकतो.

## २. उत्तरपत्रिका उघडा

हे सगळ्यात जड जातं, म्हणून बहुतेक जण टाळतात. मीही पहिल्या वेळी टाळलं, आणि दुसऱ्या वेळी नापास होण्यात त्या टाळण्याचा मोठा वाटा होता. काय चुकलं तेच ठाऊक नव्हतं, त्यामुळे पहिल्या वेळी जे केलं तेच पुन्हा जास्त तास केलं.

उत्तरपत्रिकेची प्रत, प्रश्नपत्रिका आणि पेन्सिल घेऊन बसा. जिथे गुण गेले तिथे बाजूला कारण लिहा. साधारण पाच कारणं निघतात:

- समजलंच नव्हतं. प्रश्न वाचून डोक्यात काहीच आलं नाही.
- समजलं होतं, जमलं नाही. वर्गात, व्हिडिओत कळत होतं. कोऱ्या कागदावर हात चालला नाही.
- वेळ पुरला नाही. सुरुवातीची उत्तरं बरी, शेवटची पानं कोरी.
- अभ्यासच झाला नव्हता. आजारपण, घरची अडचण, नोकरी, प्रेमभंग, काहीही असो. विषयाचा यात दोष नाही.
- भाषा आडवी आली. शाळा एका भाषेत झाली आणि डिग्री दुसऱ्या भाषेत. प्रश्न काय मागतोय हेच उशिरा कळलं.

यातली शेवटची तीन कारणं जास्त असतील, तर तुम्हाला कॉम्प्युटर जमतो की नाही याबद्दल हा निकाल जवळजवळ काहीच सांगत नाही. तुमचे दिवस, तब्येत, वेळ आणि भाषा याबद्दल सांगतो. त्यावर उपाय करायचे असतात, त्यासाठी डिग्री सोडायची नसते.

माझ्या पेपरात दुसरं कारण जागोजागी निघालं. एक प्रश्न होता लिंक्ड लिस्ट, म्हणजे माहितीच्या कड्यांची साखळी, उलटी करण्याचा. साखळीतली प्रत्येक कडी पुढच्या कडीचा पत्ता धरून असते, आणि उलटी करताना तो पत्ता बदलून मागच्या कडीचा घालायचा असतो. मी थेट तेच केलं होतं. पण पत्ता बदलण्याआधी जुना पत्ता एका वेगळ्या व्हेरिएबलमध्ये, म्हणजे किंमत ठेवायच्या नाव दिलेल्या जागेत, ठेवावा लागतो. तो ठेवला नाही, तर पहिल्याच कडीनंतरची सगळी साखळी हातातून सुटते, तिच्याकडे जायला वाट उरत नाही. एका ओळीची चूक, आणि प्रश्नाचे जवळजवळ सगळे गुण गेलेले. ते उत्तर मी मैत्रिणीच्या वहीतून पाठ केलं होतं आणि नेमकी तीच ओळ विसरले होते. समजून लिहिलं असतं तर ती ओळ विसरणं शक्यच नव्हतं, कारण चित्र काढलं की सुटलेली साखळी समोर दिसते.

इथला सापळा: असाइनमेंटला भरपूर गुण आणि लेखी परीक्षेत दाणादाण, असं असेल तर असाइनमेंट कुणी केली ते प्रामाणिकपणे स्वतःला विचारा. मित्राचा कोड, इंटरनेटवरचं उत्तर, एआयने लिहून दिलेला प्रोग्राम. तिन्हींमुळे असाइनमेंट सुटते आणि सराव तसाच राहतो. तुमच्यात क्षमता नाही, असं त्यावरून म्हणता येत नाही. तुम्ही अजून खरोखर प्रयत्नच केलेला नाही, एवढंच म्हणता येतं.

## ३. "माझं डोकंच त्यातलं नाही" हे वाक्य तपासून बघा

नापास झालं की हे वाक्य आपसूक तोंडात येतं. कॉम्प्युटरच्या बाबतीत ते शिक्षकांच्या तोंडीही असतं: काहींना उपजत जमतं, बाकीच्यांना कधीच नाही. या समजुतीला एक इतिहास आहे.

ब्रिटनमधल्या मिडलसेक्स विद्यापीठातल्या सईद देहनादी आणि रिचर्ड बोर्नाट यांचा एक मसुदा २००६ मध्ये खूप फिरला. प्रोग्रामिंगचा एकही तास होण्याआधी साध्या चाचणीतून कोण पास होणार, कोण नापास होणार हे सांगता येतं, असा त्यांचा दावा होता. चाचणीतले प्रश्न साधारण असे:

अ = १०
ब = २०
अ = ब

आता अ आणि ब किती? उत्तर आहे, दोन्ही २०. उजवीकडची किंमत डावीकडे नकलून घेतली जाते, उजवीकडची तशीच राहते. पण नवख्या माणसाला अदलाबदल झाली असं वाटू शकतं, किंवा ब रिकामा झाला असंही वाटू शकतं. शाळेत "=" चा अर्थ "समान" असा शिकलेल्याला तर हे तीन ओळींचं लिखाणच चूक वाटेल, कारण १० आणि २० समान कसे? यातली कुठलीच समजूत मठ्ठपणाची नाही. या चिन्हाचा इथला अर्थ कुणीतरी सांगावा लागतो, इतकंच.

पुढे २०१४ मध्ये बोर्नाट यांनी स्वतःच तो दावा जाहीरपणे मागे घेतला. दावा मात्र आजही वर्गावर्गांत ऐकू येतो. त्यानंतर २०१६ मध्ये एलिझाबेथ पॅटिट्सास आणि सहकाऱ्यांनी एका मोठ्या विद्यापीठातल्या कॉम्प्युटर सायन्सच्या कोर्सेसच्या अंतिम गुणांची ७७८ वाटपं, म्हणजे किती जणांना किती गुण पडले याचे आलेख, तपासली. वर्ग "जमणारे" आणि "न जमणारे" अशा दोन ढिगांत पडत असेल, तर गुणांच्या आलेखात दोन उंचवटे दिसायला हवेत. एकाहून जास्त उंचवटे असलेली वाटपं फक्त ५.८ टक्के निघाली.

आणि तुम्ही एकटे नाही आहात. जेन्स बेनेडसेन आणि मायकेल कॅस्पर्सन यांनी २००७ मध्ये निरनिराळ्या देशांतल्या विद्यापीठांकडून पहिल्या प्रोग्रामिंग कोर्सचे निकाल गोळा केले, तेव्हा नापासांचं सरासरी प्रमाण ३३ टक्क्यांच्या आसपास होतं. २०१९ च्या त्यांच्या पुढच्या पाहणीत ते २८ टक्के आलं. साधारण दर तीन-चार जणांत एक.

हे वाचून लगेच "म्हणजे मी चालू ठेवावं" असं ठरवू नका. यावरून फक्त सोडण्याचं एक चुकीचं कारण बाद झालं.

## ४. कोणता विषय राहिला, हे साखळीत बघा

सगळे विषय सारखे नसतात. अभ्यासक्रमाचा कागद घ्या आणि एका मोठ्या पानावर विषयांची नावं लिहून बाण काढा. प्रोग्रामिंगच्या पहिल्या कोर्सवरून बाण डेटा स्ट्रक्चर्सकडे, तिथून अल्गोरिदम, डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टीमकडे. डिस्क्रीट मॅथ्सवरून अल्गोरिदम आणि थिअरी ऑफ कॉम्प्युटेशनकडे. लिनिअर अल्जेब्रा आणि संभाव्यतेवरून मशीन लर्निंगकडे. आता राहिलेल्या विषयांभोवती गोल करा. गोलातून किती बाण निघतात?

एखादा बाजूचा ऐच्छिक विषय राहिला असेल आणि त्यातून एकही बाण निघत नसेल, तर प्रश्न लहान आहे. पुन्हा बसा, सुटेल. पहिला प्रोग्रामिंग कोर्स किंवा डेटा स्ट्रक्चर्स राहिला असेल, तर पुढचं सगळं त्यावर उभं आहे. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातले अँथनी रॉबिन्स यांनी २०१० मध्ये मांडलं, की प्रोग्रामिंगमधल्या कल्पना एकमेकींत इतक्या गुंतलेल्या असतात की सुरुवातीची एक जमली की पुढची सोपी जाते, आणि एक निसटली की पुढची प्रत्येक जास्त अवघड होते. दोन विद्यार्थ्यांची कुवत सारखी असूनही सेमिस्टरच्या शेवटी त्यांच्यात एवढी दरी का दिसते, याचं हे स्पष्टीकरण मला सगळ्यात पटतं, कारण माझ्या बाबतीत तेच झालं. पॉइंटर (मेमरीतल्या जागेचा पत्ता धरून ठेवणारे व्हेरिएबल) शिकवले त्या दोन आठवड्यांत मी आजारी होते. परत आले तेव्हा वर्ग लिंक्ड लिस्टवर पोचला होता, आणि तिथून मी कायम एक पाऊल मागे राहिले.

इथला सापळा: मूळ विषय राहिलेला असताना "वर्ष वाया जायला नको" म्हणून पुढचे सगळे विषय एकदम घेणं. पाया भरायच्या आत वरचे मजले चढवले की ते एकेक करून कोसळतात. दोन राहिलेले विषय पुढच्या सेमिस्टरला पाच होतात ते असेच.

## ५. सहा आठवड्यांची चाचणी

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे आणि इथेच लोक घाई करतात. उत्तरपत्रिकेवरून मागचं कळतं. पुढे जमेल का, हे करून बघितल्याशिवाय कळत नाही. सहा आठवडे, आठवड्यातले सहा दिवस, रोज दीड तास. फोन दुसऱ्या खोलीत. एआय आणि तयार उत्तरं पूर्ण बंद. पुस्तक, स्वतःच्या नोट्स, भाषेचं अधिकृत डॉक्युमेंटेशन आणि अडलं तर माणूस, एवढं चालेल.

पहिले दोन आठवडे: फक्त वाचन. कोड लिहायचाच नाही. दहा-पंधरा ओळींचे छोटे प्रोग्राम घ्या आणि कागदावर चालवा. प्रत्येक व्हेरिएबलसाठी एक रकाना, प्रत्येक ओळीनंतर किंमत बदलली की जुनी खोडून नवी. शेवटी काय छापलं जाईल ते आधी लिहा, मग कॉम्प्युटरवर चालवून ताळा करा. चुकलं तर नेमकी कोणत्या ओळीवर तुमची आणि कॉम्प्युटरची वाट वेगळी झाली ते शोधा. फिलिप ग्वो यांनी बनवलेलं पायथन ट्युटर नावाचं मोफत साधन इथे फार उपयोगी पडतं. ते प्रोग्राम एकेक ओळ पुढे नेत मेमरीत काय चाललंय त्याचं चित्र दाखवतं. पण आधी कागद, मग ते.

हे बालिश वाटेल, पण दोन जुने अभ्यास लक्षात घ्या. २००१ मध्ये मायकेल मॅक्रॅकन यांच्या गटाने निरनिराळ्या विद्यापीठांत प्रोग्रामिंगचा पहिला कोर्स पूर्ण केलेल्या विद्यार्थ्यांना प्रोग्राम लिहायला दिले. सरासरी गुण पडले ११० पैकी २२.८९. सगळ्यांना वाटलं, मुलांना प्रश्न सोडवता येत नाहीत. मग २००४ मध्ये रेमंड लिस्टर यांच्या गटाने सात देशांतल्या विद्यार्थ्यांना लिहायला न सांगता फक्त छोटे कोड वाचायला दिले, आणि बऱ्याच जणांना तेही नीट जमेना. वाचताच येत नसेल तर लिहिणार कुठून? शिकवताना ही पायरी सर्रास गाळली जाते.

रिकर्शन, म्हणजे फंक्शनने (प्रोग्रामच्या एका नाव दिलेल्या तुकड्याने) स्वतःलाच पुन्हा हाक मारणं, माझ्या डोक्यात शिरलं ते कागदाच्या चिठ्ठ्यांमुळे. ४ चं फॅक्टोरिअल (४ × ३ × २ × १) काढणाऱ्या फंक्शनला हाक मारली, की एका चिठ्ठीवर "४ × ?" लिहायचं. उत्तरासाठी ३ चं फॅक्टोरिअल हवं, म्हणून तिच्यावर दुसरी चिठ्ठी, "३ × ?". मग "२ × ?". मग १ ची चिठ्ठी, तिला कुणालाच विचारावं लागत नाही, तिचं उत्तर १. आता वरून एकेक चिठ्ठी उचलायची आणि तिचं उत्तर खालच्या चिठ्ठीतल्या प्रश्नचिन्हाच्या जागी घालायचं: १, २, ६, २४. टेबलावर चार चिठ्ठ्यांची चळत होती, आणि "कॉल स्टॅक" हा शब्द मी वर्षभर ऐकत होते तो म्हणजे ही चळत, हे त्या संध्याकाळी पहिल्यांदा दिसलं. थांबण्याची अट विसरली तर काय होईल, हेही कुणी सांगावं लागलं नाही. चिठ्ठ्या चढतच राहतील.

तिसरा आणि चौथा आठवडा: रोज एक छोटा प्रोग्राम, कोऱ्या फाइलपासून. यादीतली सगळ्यात मोठी संख्या, शब्द उलटा करणं, दोन क्रमवार याद्या एकत्र करणं, लिंक्ड लिस्टमधून एक कडी काढणं. अडलात की घड्याळ बघा. वीस मिनिटं स्वतः झगडा, मग विचारा. विचारताना "चालत नाही" म्हणू नका. काय व्हायला हवं होतं, काय झालं आणि आतापर्यंत काय करून पाहिलं, हे तिन्ही सांगा.

शेवटचे दोन आठवडे: जुन्या प्रश्नपत्रिका, वेळ लावून, कागदावर. शेवटच्या दिवशी तुम्ही नापास झालात तोच पेपर.

वहीत रोज तीनच ओळी लिहायच्या: कुठे अडले, किती वेळ अडले, कसं सुटलं. माझ्या वहीतल्या तिसऱ्या आठवड्यातली एक नोंद: "लूप एक वेळ जास्त फिरतोय. ५० मिनिटं. अट 'पेक्षा लहान' हवी होती, मी 'लहान किंवा समान' लिहिली." पाचव्या आठवड्यात पुन्हा तीच चूक, आणि पुढे लिहिलंय: "४ मिनिटं." चूक गेली नव्हती. ती ओळखायला लागणारा वेळ घटला होता. वहीत हाच फरक शोधायचा असतो.

## ६. वही वाचताना काय बघायचं

चालू ठेवायला आधार देणाऱ्या खुणा: अडण्याचा वेळ कमी होतोय. एरर मेसेज आल्यावर घाबरून सगळं खोडण्याऐवजी तो वाचला जातोय. कधीतरी दीड तास संपल्यावरही उठवलं नाही. वाचायला जमत नव्हतं ते आता जमतंय, भले हळू का होईना.

सोडण्याच्या बाजूच्या खुणा ओळखणं जास्त नाजूक आहे, कारण निकालाच्या आठवड्यात सगळ्यांनाच सोडावंसं वाटतं. म्हणून वाईट दिवसावरून ठरवू नका, चांगल्या दिवसावरून ठरवा. ज्या दिवशी प्रोग्राम चालला, उत्तर बरोबर आलं, त्या दिवशी तुम्हाला काय वाटलं? माझी मैत्रीण माझ्यापेक्षा हुशार होती. चाचणी आम्ही दोघींनी मिळून केली आणि तिचे प्रोग्राम माझ्याआधी चालायचे. चालले की ती म्हणायची, "सुटले एकदाची," आणि लॅपटॉप मिटायची. मी म्हणायचे, "थांब, हे असं केलं तर?" सहाव्या आठवड्यात तिने स्वतःची वही चाळली आणि म्हणाली, यात एकही दिवस असा नाही ज्या दिवशी मला पुढचं बघायचं होतं. तिला जमत होतं. तिला ते नको होतं. पुढची चाळीस वर्षं "सुटले एकदाची" म्हणत काढायची नाहीत, हे कारण पुरेसं आहे. त्यासाठी आधी नापास व्हायचीही गरज नाही.

तिसरी शक्यताही असते. चाचणी झालीच नाही. सहा आठवड्यांत वही आठ पानांवर थांबली. का थांबली ते बघा. नोकरी, घरची जबाबदारी, तब्येत यामुळे वेळच मिळाला नसेल, तर आत्ताच्या परिस्थितीत पूर्ण वेळ डिग्री झेपत नाही एवढाच त्याचा अर्थ, आणि त्याची उत्तरं पुढच्या पायरीत आहेत. वेळ होता तरी बसवलं गेलं नाही, तर तेही एक उत्तर आहे. ते लिहून ठेवा, स्वतःवर चिडू नका.

## ७. पैसे, मुदत आणि मधले रस्ते

आतापर्यंत किती खर्च झाला याचा हिशेब इथे करू नका. तो पैसा आणि ती वर्षं दोन्ही रस्त्यांनी परत येणार नाहीत. हिशेब पुढचा करा: राहिलेले विषय धरून आणखी किती सेमिस्टर, त्यांची फी, राहण्याचा खर्च, कर्ज असेल तर हप्ता कधी सुरू होणार, आणि ठरलेल्या कमाल मुदतीत हे सगळं बसतं का. शिष्यवृत्तीला किमान गुणांची किंवा किमान क्रेडिटची अट असू शकते. परदेशात शिकत असाल तर विषय कमी केल्याने किंवा सेमिस्टर सोडल्याने व्हिसावर काय परिणाम होतो, हे आधी विचारा. विषय आधी कमी करून मग विचारलं तर उशीर झालेला असतो.

"पुढे जायचं" आणि "सोडायचं" यांच्या मध्ये बरंच काही असतं: सेमिस्टरला कमी विषय घेणं, अधिकृत रजा घेऊन एक सेमिस्टर थांबणं, त्याच संस्थेत जवळच्या शाखेत जाणं (माहिती प्रणाली, संख्याशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स, डिझाइन), सुटलेले विषय धरून लहान पदविका घेऊन बाहेर पडणं. सगळीकडे सगळं मिळत नाही, पण विचारल्याशिवाय कुणी सांगतही नाही. रजा घेणार असाल तर लेखी मंजुरी घ्या. नुसतं जाणं बंद केलं, तर बऱ्याच ठिकाणी ते विषय नापास म्हणून चढतात.

## ८. कुणाशी बोलायचं

ज्या शिक्षकांच्या विषयात राहिलात त्यांच्याकडे आधी जा. मला याची सगळ्यात जास्त भीती वाटत होती. उत्तरपत्रिका आणि वही घेऊन गेले म्हणून ते बोलणं वीस मिनिटं चाललं. रिकाम्या हाताने गेले असते तर "अभ्यास करा" ऐकून परत आले असते. तीन प्रश्न विचारा: माझ्या पेपरात तुम्हाला काय कच्चं दिसतं? पुन्हा बसण्याआधी काय करू? माझ्या जागी असता तर पुढच्या सेमिस्टरला किती विषय घेतले असते?

मग एखाद्या अशा सिनियरशी बोला ज्याचा हाच विषय राहून सुटला. आणि जमलं तर अशाशीही, ज्याने डिग्री सोडली. पहिल्या नंबरवाल्यांचे सल्ले या वेळी कमी उपयोगाचे.

घरी सांगताना लपवाछपवी करू नका. आमच्या घरी मी दोन महिने सांगितलं नव्हतं आणि ते दोन महिने अभ्यास कमी, खोटं सांभाळणं जास्त झालं. निकाल सांगा, आणि त्याच बैठकीत सहा आठवड्यांचा बेत आणि निर्णयाची तारीखही सांगा. "मी काय करू?" असं विचारलं की घरातला प्रत्येक जण उत्तर देतो. "मी अमुक तारखेला ठरवणार आहे, तोवर हे करतेय" म्हटलं की निदान ऐकून तरी घेतात.

## ९. एका पानावर ठरवा

ठरलेल्या दिवशी एका पानावर लिहा: मी चालू ठेवते किंवा ठेवतो, कारण अमुक. किंवा, मी सोडते किंवा सोडतो, कारण अमुक. कारणात "लोक काय म्हणतील" किंवा "एवढं केलंच आहे तर" आलं, तर ते खोडून दुसरं कारण शोधा. दुसरं सापडलं नाही, तर तुमचा निर्णय उलटा आहे.

चालू ठेवणार असाल तर त्याच पानावर पुढची तपासणी कधी, तेही लिहा. "पुढच्या सेमिस्टरला डेटा स्ट्रक्चर्स आणि आणखी दोनच विषय. डेटा स्ट्रक्चर्स पुन्हा राहिला तर शाखा बदलीन." असं पुढचं पाऊल आधीच ठरलेलं असलं की परीक्षेच्या आधीची रात्र बरीच हलकी जाते. आणि जुनी पद्धत पुन्हा वापरू नका. पाठांतर करून राहिला असेल, तर दुप्पट पाठांतराने सुटणार नाही.

सोडणार असाल तर नुसते निघून जाऊ नका. नाव रीतसर काढून घ्या, देणी-घेणी मिटवा, मूळ कागदपत्रं परत घ्या, सर्व गुणपत्रिकांच्या साक्षांकित प्रती घ्या. आणि एक गोष्ट जी जवळजवळ सगळे विसरतात: सुटलेल्या प्रत्येक विषयाचा सविस्तर अभ्यासक्रम, प्रकरणं आणि तासांसकट, त्या वर्षाचा, शिक्का मारून घ्या. पुढे कुठेही प्रवेश घेतलात तर आधीचे विषय धरायचे की नाही हे त्यावरून ठरू शकतं, आणि अभ्यासक्रम बदलला की जुना मिळवताना नाकी नऊ येतात. माझ्या मैत्रिणीने ते कागद निघण्याच्या आठवड्यात घेतले होते. तीन वर्षांनी तिने संख्याशास्त्राच्या डिग्रीला प्रवेश घेतला, तेव्हा तिचे चार विषय त्यांच्यावरच धरले गेले. त्यांत प्रोग्रामिंगही होतं.